नाव न घेता घातलेलं गाऱ्हाणं

ऑक्टोबर 2014. कुडाळकडच्या आमच्या घरी भातकापणी ऐन भरात आणि विधानसभेचं मतदान तोंडावर. टीव्हीवर भाजपची जाहिरात लागली, 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' दिवसभर वाकून कंबर धरलेली काकी म्हणाली, "ह्यो कोणाक इचारता?" बांगड्याचे काटे काढता काढता काका म्हणाले, "कोणाक म्हंजे? सरकाराक!" त्या प्रश्नात नाव कुणाचंच नव्हतं. ते काकांनी घातलं.

टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीची ही कला अमेरिकेत घडली. ॲनासिनच्या गोळ्या खपवणाऱ्या रॉसर रीव्हज यांनी 1952 साली अध्यक्षपदाचे उमेदवार आयझेनहॉवर यांच्यासाठी छोट्या जाहिराती केल्या. सामान्य माणूस महागाईचं विचारतो, उमेदवार उत्तर देतो. गंमत म्हणजे उत्तरं आधी चित्रित झाली, प्रश्न विचारणारी माणसं नंतर आणली! तरी त्यात निदान सवाल-जवाब होता.

7 सप्टेंबर 1964 ला तोही गेला. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत आकडे मोजते, मध्येच चुकते. मग एका पुरुषाचा आवाज दहापासून उलटे आकडे मोजू लागतो, कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो आणि अणुस्फोट होतो. शेवटी अध्यक्ष जॉन्सन यांना मत द्या, एवढंच. विरोधक गोल्डवॉटर यांचं नावही नाही. पण अण्वस्त्रं वापरण्याबद्दलची त्यांची वक्तव्यं लोकांच्या डोक्यात होतीच. जाहिरात पैसे भरून एकदाच दाखवली. पुढे बातम्यांनी ती फुकट फिरवली. तिच्या कर्त्यांपैकी टोनी श्वार्ट्झ यांचं म्हणणं असं, की प्रेक्षकाला बाहेरून काही सांगायचं नसतं, त्याच्या आत आधीच असलेलं छेडायचं असतं.

आपल्याकडे हे उशिरा आलं. 1977 ला पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर फुकट वेळ मिळाला, पण ती भाषणंच. कोकणात तेव्हा टीव्ही होते कुठे? चाकरमानी गावी येईल तेव्हा मुंबईची हवा कळायची. पुढे केबल आली, पण 1994 च्या केबल नियमांत राजकीय जाहिरातींना बंदी होती. एप्रिल 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वप्रमाणनाची, म्हणजे दाखवण्याआधी मंजुरी घेण्याची, अट घालून वाट मोकळी केली. आता उमेदवाराला केबलवर जाहिरात द्यायची तर जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज, जाहिरातीच्या प्रती आणि साक्षांकित संहिता द्यावी लागते. संहितेत शब्द असतात. सनईचा सूर, म्हातारीचा ओला डोळा, ओसाड अंगण त्या कागदावर कसं उतरणार?

मला यात आमचं कोकणातलं, देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं दिसतं. मानकरी पुढे उभा राहून संकटं सांगतो, राखण मागतो आणि मागचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आधी भीती, मग आधार, आणि होकार आपल्याच तोंडून. फरक इतकाच, की गाऱ्हाणं घालणारा गावातलाच असतो, उद्या रस्त्यात भेटतो.

2014 ची ती ओळ पुढे सत्ता आलेल्यांनाच ऐकवली जाऊ लागली. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांत गाडी आदळली की मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतंच, 'कुठे नेऊन ठेवलाय...' नाव अजूनही कुणी घेत नाही.