कबुतराच्या रक्तानं लकवा जात नाही

सांगली-साताऱ्याच्या खेड्यांत कुणाला लकवा मारला की ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात, आणि काही घरांतून रुग्णाला आधी कबुतराचं रक्त चोळायला नेलं जातं. हातपाय लुळे पडतात म्हणून रोगही तिथंच असेल असं वाटतं. तो असतो मेंदूत. तिथल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनीच फुटते. मेंदूची डावी बाजू बिघडली तर उजवं अंग जातं, अनेकदा वाचाही. कातडीवर चोळलेलं रक्त तिथवर पोचतच नाही.

मग काहींना गुण कसा येतो? पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आपणहून थोडाफार सावरतो. श्रेय मात्र कबुतराला.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहूनच. जतसारख्या गावाहून मिरज गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो, म्हणून हे कळकळीनं सांगतोय. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, की घड्याळ बघा, 108 ला फोन लावा. पाणीसुद्धा पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. घरातली अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर तो वाढेल.