शह आणि चेक
चेक वटतो, चेक्सचा शर्ट इस्त्रीला जातो, गॅस बंद केलाय का ते चेक करतात आणि राज्याच्या हद्दीवर चेकनाका लागतो. एकाच शब्दामागे एवढी कामं लागली ती बुद्धिबळामुळे.

भारतातलं चतुरंग इराणात जाऊन चतरंग झालं. तिथे समोरच्याच्या राजावर रोख धरला की 'शाह', म्हणजे 'राजा', असं बजावत. हा शब्द अरबांमार्फत युरोपात पोचला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि इंग्रजीत 'चेक'. मराठीत तोच शब्द फारसीतून आला आणि 'शह' झाला. म्हणजे ज्या चेकला आपण परका समजतो, तो आपल्या शहाचा भाऊच. 'चेकमेट' आणि 'शह-मात' हे तर एकच. भाषेतली अशी नाती सापडली की मला मनापासून आनंद होतो.

शह बसला की बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी राजा सोडवावा लागतो. त्यातून अडवणं, आवर घालणं हा अर्थ आला. तपासण्याचा अर्थ बराच नंतरचा, सतराव्या शतकातला. चेकनाक्यावर दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

चौकड्यांच्या कापडाला 'चेक्स' हे नाव आलं ते पटावरून. पण पटाची खरी करामत इंग्लंडच्या खजिन्यात दिसते. बाराव्या शतकात तिथे शेरीफ सरकारी वसुलीचा हिशोब द्यायला येत. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं जिकिरीचं, म्हणून सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद मेजावर रेघा आखलेलं काळं कापड अंथरत आणि पेनी, शिलिंग, पौंडांच्या रकान्यांत सोंगट्या मांडत. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्याच शतकात हे सगळं तपशिलाने लिहून ठेवलं आहे, अगदी मेजाची कड चार बोटं उंच होती इथपर्यंत. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसणारं ते मेज, म्हणून खात्याचं नाव 'एक्सचेकर' पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनावात ते अजून आहे.

बँकेचा चेक अठराव्या शतकातला. फसवणुकीला आळा बसावा म्हणून जी स्थळप्रत राखून ठेवत, तिला आधी 'चेक' म्हणत. पुढे ते नाव मूळ कागदालाच चिकटलं. एक्सचेकरच्या प्रभावाने ब्रिटिशांनी त्याचं स्पेलिंग 'check'चं 'cheque' केलं आणि भारताच्या १८८१च्या कायद्यात तेच आलं. अमेरिकेने जुनं ठेवलं. तिथल्या हॉटेलात वेटर 'चेक' आणू का विचारतो, तेव्हा तो बिलाबद्दल बोलत असतो.