पुस्तक मिटल्यावर फ्रान्सचं काय आठवतं?

माझी भाची न्यू जर्सीत दहावीला आहे आणि तिने एपी (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) युरोपियन हिस्टरी हा विषय घेतलाय, म्हणजे साधारण १४५० पासून आजपर्यंतचा युरोप. दर शुक्रवारी वर्गातच वीस मिनिटांची क्विझ असते, तीन-चार टर्म्स (महत्त्वाची नावं, घटना), प्रत्येकीवर चार-पाच ओळी लिहायच्या, आणि शेवटी एक "का" वाला प्रश्न. एका गुरुवारी व्हिडिओ कॉलवर तिने पुस्तक दाखवलं तर पान अख्खं पिवळं, हायलायटर फिरवून फिरवून. फ्रेंच राज्यक्रांतीचा चॅप्टर तीनदा वाचून झालेला. मी म्हटलं पुस्तक मीट आणि सांग, टेनिस कोर्टची शपथ कशासाठी घेतली होती? "मावशी, आत्ताच वाचलंय गं, जिभेवर आहे." पण जिभेवरून पुढे काही येईना.

हे खूप जणांचं होतं. पान तिसऱ्यांदा समोर आलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपण समजतो हे आपल्याला येतं. पण गल्लीतला माणूस चेहऱ्याने ओळखणं वेगळं आणि त्याचं नाव आठवणं वेगळं, क्विझमध्ये कोरा कागद असतो, तिथे नावच लागतं.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर यासाठी एक सुंदर प्रयोग केला. मुलांना छोटे उतारे वाचायला दिले, मग काहींनी तोच उतारा परत वाचला आणि काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण एका आठवड्यानंतर चित्र उलटं, परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात नुसतं वाचत राहिलेल्या मुलांना आपल्यालाच जास्त आठवेल असा जास्त भरवसा होता. म्हणजे अभ्यास झाल्याचं जे फीलिंग येतं ना, त्यावर विसंबून चालत नाही.

विसरण्याचा वेग तर एबिंगहाउसने १८८५ मध्येच मोजून ठेवलाय, स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करून. पहिल्याच दिवसात बरंचसं गळतं, नंतर गळती मंदावते. पण त्याची अक्षरं निरर्थक होती आणि इतिहास तसा नाही, इथे एका गोष्टीला दुसरी धरून ठेवते, आणि नेमकं तेच आपण टर्म्सची यादी घोकताना तोडून टाकतो.

म्हणून मी तिला म्हटलं १७८९ पासून सुरूच करू नकोस, मागे ये. पानिपत तिला घरात ऐकून माहीत आहे, १४ जानेवारी १७६१. त्याच महिन्यात फ्रेंचांना पुदुच्चेरी इंग्रजांच्या हवाली करावं लागलं, कारण तेव्हा सात वर्षांचं युद्ध चालू होतं, १७५६ ते १७६३. त्या युद्धाने फ्रान्सवर कर्ज चढवलं. मग १७७८ पासून इंग्लंडचा सूड घ्यायला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतला, कर्ज आणखी वाढलं. सरदार आणि चर्च बऱ्याचशा करांतून मोकळे, बोजा सामान्यांवर. १७८८ मध्ये गारपिटीने पिकं झोपली आणि पाव महागला. राजाला पैसे हवे होते म्हणून त्याने एस्टेट्स जनरल, म्हणजे चर्च, सरदार आणि सामान्य अशा तीन वर्गांची सभा बोलावली, ती ५ मे १७८९ ला भरली, १६१४ नंतर पहिल्यांदा! तिथे मतं कशी मोजायची, माणशी की वर्गाप्रमाणे, यावर भांडण पेटलं, तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं, २० जूनला सभागृहाला कुलूप दिसलं तर ते शेजारच्या टेनिस कोर्टात गेले आणि राज्यघटना होईपर्यंत पांगणार नाही अशी शपथ घेतली. आता ही शपथ सुटी उरली नाही, एक टोक ओढलं की बाकीचं मागून येतं, आणि "का" वाल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

आता ती रविवारी चॅप्टर एकदा नीट वाचते, सोमवारी पुस्तक मिटून कागदावर अशी साखळी काढते आणि मग पुस्तकाशी ताडून बघते (हे ताडून बघणं गाळायचं नाही, नाहीतर चूकच पक्की होते). बुधवारी परत कोऱ्या कागदावर, या वेळी मागच्या चॅप्टरमधली एखादी टर्मही मध्ये घुसवून, आणि घड्याळ लावून. टर्म लिहिताना कोण, काय, कधी, कुठे हे दोन ओळीत संपवायचं आणि उरलेली जागा त्या घटनेने पुढे काय घडवलं याला द्यायची, कारण नुसत्या तारखेने उत्तर पुरं होत नाही. गुरुवारी रात्री जागायचं नाही, झोपेत मेंदू दिवसभरातलं पक्कं करत असतो.

सुरुवातीला तिला हे जड गेलं, कोऱ्या कागदासमोर बसलं की काहीच येत नाहीये असं वाटतं आणि रडू येतं, ते मी पाहिलंय. एका सोमवारी तिने अगदी खात्रीने लिहिलं की १४ जुलैला लोकांनी पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग फोडला तो आतल्या शेकडो कैद्यांना सोडवायला. ताडून पाहिलं तर आत कैदी होते फक्त ७, आणि लोकांना हवी होती ती तिथे साठवलेली बंदुकीची दारू. खात्रीने केलेली चूक दुरुस्त झाली की बरोबर उत्तर जास्त पक्कं लक्षात राहतं, यावरही प्रयोग झालेत. तो ७ चा आकडा तिने मला पुढच्या बुधवारी न विचारता सांगितला.