माहिती मागायला कारण लागत नाही

ट्रम्पचं कुठं चुकलं हे टपरीवर कुणीही सांगतं. आपल्याच गल्लीतल्या रस्त्याचं बिल किती झालं, विचारा म्हटलं की मात्र उत्तर ठरलेलं: ‘माहिती अधिकाराच्या अर्जात कारण द्यावं लागतं, वकीलही लागतो.’ दोन्ही खोटं. २००५ च्या कायद्याचं कलम ६(२) साफ सांगतं, अर्जदाराला कारण विचारायचं नाही. संपर्कापुरता पत्ता पुरे. महाराष्ट्रात साध्या कागदावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा (दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ), विषय एकच, १५० शब्दांच्या आत. रस्त्याच्या कामाची मापं जिथं नोंदवतात त्या मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे ‘एमबी’ची, प्रत मागा, डांबराचा थर किती जाड दाखवलाय ते तिथंच कळतं. उत्तराची मुदत ३० दिवस. नाहीच आलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.