वही, कीबोर्ड आणि एक अर्धवट दावा

‘हाताने लिहिलं की सर्जनशीलता वाढते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. आधार म्हणून सहसा दोन प्रयोग पुढे केले जातात. दोन्हींत सर्जनशीलता मोजलेलीच नाही.

पहिला २०१४ चा, अमेरिकेतला. विद्यार्थ्यांनी व्याख्यानं ऐकून नोट्स काढल्या. लॅपटॉपवाल्यांनी बरंचसं शब्दशः उतरवलं. वहीवाल्यांना तेवढा वेग नसल्याने निवडून, आपल्या शब्दांत लिहावं लागलं. संकल्पनांच्या प्रश्नांत वहीवाले सरस ठरले. पण टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा (२०२१) गुणांतला हा फरक दिसला नाही.

दुसरा नॉर्वेचा, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. हाताने लिहिताना मेंदूच्या भागांतला समन्वय जास्त आढळला, हे खरं. पण टायपिंग करायचं होतं एकाच बोटाने! असं कोण टाइप करतं? (माझे वडील सोडून.)

मग वही ओढ का लावते? हात संथ चालतो, वाक्य मनात घोळवायला सवड मिळते. खोडलेला शब्दही पानावर राहतो आणि कधीकधी तोच परत घ्यावासा वाटतो. मीही पहिला खर्डा वहीतच करतो, निव्वळ सवयीने.