वजन वाढलं म्हणजे फुफ्फुसं सुधारली?

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुफ्फुसांत घट्ट कफ साचतो आणि अन्न नीट अंगी लागत नाही. त्यात ‘काहीही खा, पण वजन वाढव’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो हवेतून आलेला नाही. 1988 साली टोरांटो आणि बोस्टनच्या रुग्णांची तुलना झाली. भरपूर स्निग्ध आहार घेणारे टोरांटोचे रुग्ण जास्त जगत होते. पुढे प्रौढांसाठी बीएमआयचं (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) लक्ष्यही ठरलं: स्त्रियांना 22, पुरुषांना 23.

गफलत इथेच होते. बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळतच नाही. छाती आणि पोटामधला श्वास ओढणारा स्नायूंचा पडदा, खोकून कफ बाहेर काढणारे पोटाचे नि बरगड्यांमधले स्नायू, हे सगळं चरबीविरहित वजनात मोडतं. फुफ्फुसांच्या क्षमतेशी (एका सेकंदात जोराने बाहेर सोडलेली हवा) या वजनाचं नातं चरबीपेक्षा जास्त घट्ट दिसतं. बीएमआय ठीक, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, असे रुग्णही असतात. काटा त्यांना पकडत नाही, डेक्सा स्कॅन (शरीरातली चरबी आणि स्नायू वेगळे मोजणारी क्ष-किरण तपासणी) पकडतो.

अर्थात, ज्याचं वजन खरोखर कमी आहे त्याला ते वाढवावंच लागतं. पण 2019 पासून आलेल्या तिहेरी मॉड्युलेटर औषधांनी (या आजारात बिघडलेल्या प्रथिनाचं काम सुधारणारी तीन औषधं एकत्र) अनेकांचं वजन वाढतं, तेव्हा नेमकं काय वाढलं हे विचारायला हवं. प्रथिनं आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांबद्दल डॉक्टरांशी बोला.