‘कुठे उतरणार?’ : मुंबईच्या कामापुरत्या बोलीची पार्श्वभूमी

मुंबईत पहिल्यांदा येणाऱ्याच्या हाती हल्ली शब्दांची एक यादी असतेच. बिनधास्त, झकास, वाट लग गई, खाली-पिली, कटिंग. प्रत्येक शब्दासमोर अर्थ, वर मथळा ‘बंबैया हिंदी’. त्या मथळ्यापाशी माझं मन दर वेळी अडतं. बिनधास्तमधली ‘धास्ती’ आपली, ‘वाट लागणे’ आपलं, शाणामधला ‘शहाणा’ही आपलाच. गिरणीच्या खात्यात, गोदीत, चाळीतल्या नळावर परप्रांतीयाशी हिंदीत बोलायची वेळ आली तेव्हा मराठी माणसाने हे शब्द सोबत नेले आणि ते साऱ्या शहराचे झाले. याची नोंद त्या याद्यांमध्ये असायला हवी.

पण या बोलीचं मूळ गिरण्यांहून जुनं आहे, आणि ते समुद्रावर सापडतं. कोळीवाड्यात आजही होडीच्या मालकाला ‘नाखवा’ म्हणतात. तो फारसी ‘नाखुदा’. खलाशी आणि सुकाणू अरबीतून आले. तांडेल हा होडी चालवणारा. इंग्रजांच्या जहाजांवर तोच शब्द ‘टिंडल’ झाला. अरबी, फारसी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी अशा सगळ्यांची मिसळण होऊन जहाजावरची एक वेगळीच बोली तयार झाली होती. वादळात दोर ओढायला सांगायचं तर गोऱ्या अधिकाऱ्यालाही ती यावीच लागे. म्हणून १८११ मध्ये थॉमस रोबक याने कलकत्त्याला खास जहाजी शब्दांचा कोश छापला. परमुलखात उपयोगी पडणारी वाक्यं आज आपण हौसेने पाठ करतो; त्या काळी जहाजावर ती जिवावरची गरज होती.

१५३४ च्या वसईच्या तहाने मुंबईची बेटं पोर्तुगिजांकडे गेली, १६६१ च्या विवाहकरारात ती इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीकडे आली. पोर्तुगीज गेले, पण शब्द राहिले. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं, पिंप, लिलाव. पोटाचे, कुलपाचे आणि मजुरीचे शब्द आहेत हे. पाव पायाने मळतात म्हणून पाव, ही कथा लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण तो सरळ पोर्तुगीज ‘पांव’ आहे.

इंग्रजांनी पुढे असे शब्द जमवून १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश काढला. त्याचं नावच बोलकं आहे. मोहरममधला ‘या हसन, या हुसैन’ हा आक्रोश शिपायांच्या कानांनी तसा टिपला. कानावर पडलं पण मनाला भिडलं नाही की शब्दाचं असं होतं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५६ मध्ये ताडदेवच्या गिरणीतून सूत निघू लागलं. मग रत्नागिरी, सातारा, तेलंगण, उत्तरेतले जिल्हे, सगळीकडून माणसं आली. कुणाचीच भाषा पुरेशी नव्हती आणि व्याकरणाला वेळ नव्हता.

जगातल्या इतर बंदरांतही हेच घडलं. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन मजूर आले आणि ‘लुन्फार्दो’ ही बोली उभी राहिली. तिथे कामाला ‘लाबुरो’ म्हणतात, तो इटालियन ‘लावोरो’. आपल्या ‘पगार’चा सख्खा भाऊ म्हणावा असा शब्द. सिंगापूरच्या खाऊगल्ल्यांत टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा अडवतात, त्याला ‘चोप’ करणं म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

याद्यांत एक गोष्ट मात्र सुटते, ती म्हणजे कुणाला काय म्हणावं. परदेशात वाढलेला आमचा एक नातेवाईक टपरीवर चहावाल्याला कौतुकाने ‘तू शाणा है’ म्हणाला. यादीत अर्थ ‘हुशार’ दिला होता. चहावाल्याचा हात किटलीवरच थांबला. शहाणा म्हणजे समजूतदार, आणि शाणा म्हणजे नको तिथे अक्कल चालवणारा. मधल्या एका ‘ह’त मान निघून जातो. मी घाईने ‘काका, दोन कटिंग द्या’ म्हटलं, तेव्हा ग्लास भरले. म्हणून नव्या माणसाला मी आधी दादा, काका, मावशी, ताई हे शिकवते. कॉन्स्टेबलला ‘पांडू’ म्हणतात हे ऐकून माहीत असावं, तोंडाने मात्र ‘साहेब’च म्हणावं.

आणि एक वाक्य शिकवते, जे कोणत्याच यादीत मला दिसलेलं नाही. डोंबिवलीहून सुटलेल्या स्लो गाडीत, बायकांच्या डब्यात, उभी असलेली बाई बसलेलीला विचारते, “कुठे उतरणार?” उत्तर येतं, “घाटकोपर.” “मग मला हां.” एवढ्यावर करार होतो. नंतर चढलेली विचारते, “त्यांच्यानंतर कोण?” आणि तिचाही नंबर लागतो. कागद नाही, साक्षीदार नाही, तरी घाटकोपरला ती जागा ठरलेल्या बाईलाच मिळते. विचारणारी मराठी असो, गुजराती असो की तमिळ, प्रश्न याच दोन शब्दांत येतो, कधी ‘किधर उतरेगी?’ होऊन. परवा एक नवखी मुलगी विक्रोळीपर्यंत गप्प उभी होती. शेजारच्या मावशींनी तिच्या वतीने विचारलं, जागा मिळवून दिली आणि म्हणाल्या, “उद्यापासून स्वतः विचारायचं, लाजायचं नाही.”